डोळे मिटून पाचशेची नोट ओळखता येते का?

परवा संध्याकाळी भाजीच्या गाडीवर मेथीची जुडी घेतली, वीस रुपये झाले, पाकिटातून नोट काढून दिली आणि निघालो तर मागून मावशींची हाक, "ओ दादा, दोनशे दिलेत की!" परत जाऊन बघितलं तर खरंच दोनशेची नोट. मावशी म्हणाल्या, "रोज एखाददुसरा असंच देतो. मी आपली परत करते, सगळेच करतील असं नाही." मी जरा ओशाळलो, पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच किडा वळवळत होता, की ही चूक माझी का नोटेची?

कारण डिझाइन डिझाइन म्हणून आपण कौतुक कशाचं करतो तर फोनचं, गाडीचं, फार तर एखाद्या खुर्चीचं. आणि जी वस्तू आपण दिवसातून दहा वेळा हातात घेतो, जी शिकलेल्याने, न शिकलेल्याने, म्हाताऱ्याने, घाईत असलेल्याने, अंधारात उभं राहून आणि डोळ्यांनी अजिबात न दिसणाऱ्यानेही बरोब्बर ओळखायची असते, त्या नोटेकडे डिझाइन म्हणून बघतच नाही कोणी. बघितलं की मजा येते. थोडा रागही येतो, पण ते पुढे.

आधी रंगाचं बघू. आत्ताच्या नोटांमध्ये १० ची चॉकलेटी, २० ची हिरवट पिवळी, ५० ची निळी, १०० ची जांभळट, २०० ची भडक पिवळी आणि ५०० ची करडी. आता ही ओळ नीट बघा, यात शेजारशेजारच्या नोटा एकमेकींपासून लांबचे रंग घेऊन बसल्यात. शंभर आणि दोनशेत गोंधळ व्हायचं काही कारण नाही, दोनशे आणि पाचशेत नाही. युरोच्या नोटांतही हेच सूत्र आहे, ५ राखाडी, १० लाल, २० निळी, ५० नारिंगी, १०० हिरवी, शेजाऱ्याचा रंग शेजाऱ्याला लागू द्यायचा नाही. मग माझी चूक कुठे झाली? तर वीस आणि दोनशे हे किमतीने शेजारी नाहीतच, ते शेजारी आहेत नजरेला. दोन्हीकडे आधी २ दिसतो, मागे एखादं शून्य कमीजास्त, आणि दोन्ही पिवळसर. कागदावर रंगांची ओळ लावली तर सगळं छान दिसतं, पण पाकिटात नोटा ओळीने थोड्याच असतात, वीसला दोनशे चिकटलेली असते.

त्यात संध्याकाळची वेळ. रंग नोटेत नसतो हो, नोटेवरून जो उजेड उलटून डोळ्यात येतो त्यात असतो. गाडीवर पिवळा बल्ब लावलेला असला की त्या उजेडात मुळातच निळसरपणा कमी, म्हणजे सगळंच पिवळ्याकडे झुकतं, आणि हिरवट पिवळा आणि नुसता पिवळा यांच्यातलं जे थोडंसं अंतर होतं तेही जातं. दुपारी बारा वाजता नोटा शेजारी ठेवून बघितल्या तर म्हणाल काय येडा माणूस आहे, स्पष्ट वेगळ्या तर आहेत. पण भाजी आपण दुपारी बारा वाजता घेत नाही ना.

म्हणून नोटेसारख्या गोष्टीत एकच खूण पुरत नाही. रंग कळला नाही तर आकडा कळला पाहिजे, आकडा वाचता येत नसेल तर साइझ कळली पाहिजे, दिसतच नसेल तर बोटाला काहीतरी लागलं पाहिजे. एकाच नोटेने "मी पाचशे आहे" हे चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगायचं, कारण समोरच्याचा कुठला रस्ता बंद आहे ते नोटेला माहीत नसतं. (भाषेचंही तेच. नोटेच्या मागे १५ भाषांची पट्टी असते, इंग्रजी नावांच्या अकारविल्हे लावलेली, आसामी पहिली आणि उर्दू शेवटची. त्यात कोकणी सहावी आणि आपली मराठी आठवी, म्हणजे बरोब्बर मधोमध. मोजून बघा, मी मोजलीय.)

आता साइझ, आणि इथेच माझा जरा राग आहे.

जुन्या नोटा आठवा, २०१६ च्या आधीच्या. १० ची लांबी १३७ मिलिमीटर, २० ची १४७, ५० चीही १४७, १०० ची १५७, ५०० ची १६७ आणि १००० ची १७७. म्हणजे कोणीतरी शांतपणे बसून ठरवलं होतं, पायरी एक सेंटिमीटरची. वीस आणि पन्नासची लांबी सारखी आहे म्हणाल, तर तिथे उंची बदलली होती, वीसची उंची ६३ आणि पन्नासची ७३, परत एक सेंटिमीटर. प्रत्येक नोट आपल्या शेजारणीपेक्षा कुठल्या ना कुठल्या बाजूने सेंटिमीटरभर वेगळी. ही गोष्ट आयुष्यभर नोटा हाताळून माझ्या कधी लक्षात आली नव्हती, आणि लक्षात न येता हाताला कळत होती, हेच खरं तर तिचं यश.

नव्या नोटांत १० ची १२३, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. शंभर ते दोनशे चार मिलिमीटर, दोनशे ते पाचशे चार मिलिमीटर. चार मिलिमीटर म्हणजे बाजरीचे दोन दाणे शेजारी ठेवले तर होतील तेवढे. आणि उंची पन्नासपासून वर सगळ्यांची एकच, ६६. म्हणजे जिथे चुकलं तर तीनशे रुपयांचा फटका आहे तिथेच पायरी सगळ्यात बुटकी.

आता कोणी म्हणेल चार मिलिमीटर काय कमी आहेत का, पट्टीवर स्पष्ट दिसतात. पण हाताला मिलिमीटर कळत नाहीत, हाताला प्रमाण कळतं. एका हातात किलोभर कांदे आणि दुसऱ्या हातात सव्वा किलो धरले तर तुम्ही लगेच सांगाल जड कुठले, पण दहा किलो आणि सव्वादहा किलो धरा, नाही सांगता येणार, फरक दोन्हीकडे पाव किलोचाच असूनसुद्धा. नोटेचं तसंच आहे. जुन्या शंभर आणि पाचशेत सहा टक्क्यांच्या वर फरक होता, नव्या दोनशे आणि पाचशेत तीन टक्केसुद्धा नाही. दोन्ही नोटा हातात धरून एकमेकींवर ठेवल्या तर कळेल, पण एकच नोट हातात आली तर कशाशी मोजणार.

साइझ लहान करण्याचे फायदे मला कळतात, पाकिटात दुमडल्याशिवाय बसते, कागद कमी लागतो. आणि साइझ बदलणं स्वस्तातली गोष्ट नाही हे आपण सगळ्यांनी २०१६ च्या नोव्हेंबरात एटीएमच्या रांगेत उभं राहून बघितलंय, नोटा नव्या मापाच्या आल्या आणि मशीनमधले खण जुन्या मापाचे, प्रत्येक एटीएमशी माणूस जाऊन ते बदलून येईपर्यंत आपण रांगेत. तेवढं सगळं करायचंच होतं तर पायरी जरा मोठी ठेवायची होती, एवढंच माझं म्हणणं.

आता बोटाला लागणारी गोष्ट. ही मला फार आवडते.

मी मूळचा नाशिकरोडचा. आमच्याकडे "तो प्रेसमध्ये आहे" म्हटलं की कुठली प्रेस असं कोणी विचारत नाही, नोटा छापायची. करन्सी नोट प्रेस तिथे १९२८ पासून आहे. शेजारचे एक काका प्रेसमध्ये होते, कामाबद्दल घरी अवाक्षर काढायचे नाहीत, आम्ही पोरं कितीही मागे लागलो तरी "चला पळा" एवढंच. पण एकदा दिवाळीत करकरीत शंभराची नोट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, डोळे मीट, आता अंगठा फिरव, कुठे खरखरीत लागतं सांग. मला त्या वेळी गांधीजींचा खांदा लागला आणि डावीकडे काहीतरी टोकदार लागलं. "तो त्रिकोण आहे," काका म्हणाले, "आंधळ्या माणसासाठी." आणि नोट परत घेतली. (हे मी अजून विसरलेलो नाही.)

ही खरखर येते कशी ते सांगतो. साध्या छपाईत शाई कागदावर पसरते आणि सपाट बसते. नोटेच्या काही भागांसाठी वेगळी पद्धत असते, तिला इंटॅग्लिओ म्हणतात. धातूच्या प्लेटवर चित्र खोल कोरायचं, त्या खाचांत घट्ट शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची, आणि मग कागद इतक्या जोराने दाबायचा की तो थोडासा त्या खाचेत घुसतो आणि आतली शाई उचलून घेऊन येतो. त्यामुळे शाई कागदाच्या वर उभी राहते, ताज्या मेंदीची रेघ हातावर उभी असते तशी, फक्त मेंदी वाळून पडते आणि ही राहते. आपल्या नोटेचा कागद कापसाचा असतो म्हणून तो हा दाब सहन करतो, वहीचा कागद फाटला असता.

आता तुमच्याकडे पाचशेची नोट असेल तर काढा, शक्यतो नवी. गांधीजींच्या बाजूने धरा आणि डाव्या-उजव्या कडेला बघा, तिरप्या छोट्या रेघा आहेत, पाच. शंभरच्या नोटेवर चार. या रेघा २०१५ मध्ये आल्या, त्या वेळच्या शंभरवर चार, पाचशेवर पाच, हजारवर सहा. किती साधं आहे बघा, नोट जितकी मोठी तितक्या रेघा जास्त, आणि पाचशेला पाच हे तर लक्षात ठेवायचीसुद्धा गरज नाही. पुढच्या वर्षी दोन हजारची आली तिला सात.

आणि मग आली दोनशेची. २५ ऑगस्ट २०१७, गणेश चतुर्थीच्या दिवशी. आता करा काय? शंभरला चार देऊन झाल्यात, पाचशेला पाच, मध्ये साडेचार रेघा कुठून आणणार. मुंबईच्या लोकलमध्ये तीन जण बसलेल्या बाकावर "जरा सरका" म्हणत चौथी सीट करतात ना, तसंच केलं, रेघा चारच ठेवल्या पण त्यांच्या मधोमध दोन छोटे गोल बसवले. दोनशेला दोन गोल. डिझाइन करणाऱ्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही, पण ज्या कोणाला हे सुचलं त्याला मी मनातल्या मनात चहा पाजलाय. कारण डिझाइन म्हणजे कोऱ्या कागदावर सुचलेली आयडिया असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त वेळा आधीच भरलेल्या बाकावर जागा करावी लागते.

शिवाय आकाराच्या खुणा आहेतच, शंभरवर त्रिकोण, दोनशेवर इंग्रजी एचसारखी, पाचशेवर गोल.

मग एवढं सगळं असताना तक्रार कसली? एक तर खरखर झिजते. बँकेतून आलेल्या नोटेवर जे बोटाला टोचतं ते सहा महिने घामाच्या खिशातून, मासळीबाजारातून, मिठाच्या हातातून फिरलं की सपाट. दुसरं म्हणजे नव्या नोटांत या खुणा शंभर आणि त्यावरच्याच नोटांवर आहेत. दहा, वीस, पन्नासवर नाहीत.

दिसत नाही अशा माणसाच्या हातात सगळ्यात जास्त कुठल्या नोटा येतात? कल्याणहून गाडी सुटली की डब्यात पेन, कंगवे, पासची कव्हरं विकणारे एक काका चढतात, काठी, खांद्याला पिशवी, डोळ्यांनी पूर्ण आंधळे. त्यांचा सगळा धंदा दहा-वीसचा. मी त्यांचे हात बघत बसतो. नोट आली की ती तर्जनी आणि मधल्या बोटात अडकवतात, खाली ओढतात आणि टोक बोटाच्या कुठल्या पेरापर्यंत येतं ते अंगठ्याने चाचपतात. पट्टी आपल्याच बोटांची. मग दहाची शर्टाच्या खिशात सरळ, वीसची एकदा दुमडून, पन्नासच्या वर काही आलं की पँटच्या आतल्या खिशात. आणि एखादी नोट अगदीच मऊ पडलेली असली की शेजारच्याला विचारतात, "पन्नास ना दादा?" शेजारचा हो म्हणतो. एका दिवसात किती अनोळखी माणसांवर विश्वास टाकतो हा माणूस.

मी एकदा त्यांना विचारलं की जुन्या नोटा सोप्या होत्या का. म्हणाले, "त्या बोटात बसलेल्या होत्या. बोटं आता परत शाळेत घातलीत."

आपल्या नॅबने, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने, हा नोटा-नाण्यांचा विषय मुंबई हायकोर्टापर्यंत नेला. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला मणी नावाचं फुकट अॅप काढलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की फोन बोलून किंवा थरथरून किंमत सांगतो, एकदा डाउनलोड केलं की नेटही लागत नाही. चांगली सोय आहे, नाव तर गोडच आहे. पण एका हातात दांडा, दुसऱ्या हातात कंगवे, गर्दी, त्यात फोन काढून नोटेसमोर धरायचा, हे मला तरी जमलं नसतं. घरी बसून गल्ला मोजायला ठीक.

आपण निदान प्रयत्न तरी केलाय. अमेरिकेत आजही एक डॉलर ते शंभर डॉलर सगळ्या नोटा एकाच मापाच्या. २००८ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की हा दृष्टिहीनांवर कायद्याने अन्याय आहे, तरी माप काही बदललं नाही.

आता नाण्यांकडे या, तिथली गोष्ट अजून गमतीची आहे.

ज्यांनी पाच पैसे बघितलेत त्यांना आठवेल, ते चौकोनी होतं. दहा पैसे फुलासारखं, कडेला पाकळ्या. वीस पैसे षटकोनी. चार आणे, आठ आणे गोल. नंतर दोन रुपयांचं नाणं आलं ते अकरा कोनांचं, आणि पाचचं असं जाड की त्याच्या कडेला मधून खाच. खिशात हात घालून न बघता हवं ते नाणं बाहेर यायचं, सगळ्यांचंच, त्याला काही कला लागायची नाही.

मग २००५ च्या आसपास स्टीलची नाणी आली, एक रुपया गोल २५ मिलिमीटर, दोन रुपये गोल २७, रंग एकच. तुम्ही बसच्या कंडक्टरशी त्या काळात एकदा तरी भांडला असाल. २००७ मध्ये त्यावर चित्रं आली, एक रुपयावर उंचावलेला अंगठा, दोनवर दोन बोटं. आयडिया मस्त, ज्याला आकडा वाचता येत नाही त्यालाही कळेल. पण नाणं आपण बघून काढतो कुठे, चाचपून काढतो! डोळ्यांसाठी उत्तम उत्तर दिलं, प्रश्न बोटांचा होता.

मार्च २०१९ मध्ये नवी मालिका आली, ती मुद्दाम दृष्टिहीन लोकांचा विचार करून. एक रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७, आणि वीसचं पण २७ पण बारा कोनांचं. किंमत वाढली की साइझ वाढते, वजनही वाढतं. परत ती शिस्त आली, बारा कोन बघून तर मला जुनं दोन रुपयांचं नाणं घरी आल्यासारखं वाटलं.

पण. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं अजून बाजारात फिरतंय, त्याची साइझ २५ मिलिमीटर. आणि त्याच मालिकेतलं पाचचं २३. म्हणजे नवं दोन हे जुन्या पाचच्या मापाचं आणि नवं पाच हे जुन्या दोनच्या मापाचं! दोघांनी आपापसात कपडे बदलावेत तसं. बघणाऱ्याला अडचण नाही, पाच पिवळसर आणि दोन स्टीलचं. बोटाला मात्र मापावरून कळत नाही, वजनाचा आधार घ्यावा लागतो, पाचचं जड लागतं. नवी मालिका एकटी टेबलावर ठेवली तर तिच्यात खोट काढायला जागा नाही, पण ती एकटी कधीच नसते, खिशात वीस वर्षांची नाणी एकत्र खुळखुळत असतात.

हे सगळं डोक्यात होतं म्हणून रविवारी घरातली सुट्टी नाणी ताटलीत ओतली आणि आईला म्हटलं डोळे मीट आणि सांग. आई आधी "काय पोरखेळ" म्हणाली, मग पदराने डोळे झाकून बसली. एक रुपया बरोबर. बारा कोनांचं वीस बरोबर, "हे कडेला चावल्यासारखं लागतंय." नवं पाच तिने दोन म्हणून बाजूला ठेवलं, परत उचललं, तळहातावर तोललं आणि तिकडेच ठेवलं. मी काही बोललो नाही. मग देवघराच्या खणातून सापडलेलं एक नाणं तिच्या नकळत ताटलीत सरकवलं. तिने ते उचललं, अंगठा एकदाच कडेवरून फिरवला आणि डोळे न उघडताच म्हणाली,

"दहा पैसे! कुठं होते रे हे?"